पंचफुलाबाईंचं बँकॉक

बँकॉक, ९ जून

प्रिय बाबा, आणि शेजारी बसून ऐकणारी आई,

बाबांना फोनवर ऐकू येत नाही आणि आईला वाचता येत नाही, तेव्हा तुमच्या जोडीशी बोलायचं तर पत्रच लिहायला हवं. बाबांनी मोठ्यानं वाचायचं आणि आईनं मधे टोकायचं, अशी वाटणी मी करून दिली आहे.

डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरच्या शेवटची तारीख दिली. मोहितनं तुम्हा दोघांची तिकिटं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याची बघून ठेवली आहेत. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं, हे माझं लग्नाच्या आधीपासून ठरलेलं आहे, त्यात बदल नाही. "मी नरखेडच्या पलीकडं एकली गेली नाई, त्या मुलखात काय करू?" असं आई म्हणाली होती. म्हणून तू यायच्या आधीच शहर तुझ्या ओळखीचं करून देते. मीही इथं नवी होतेच की.

पहिली गोष्ट, इथले लोक याला बँकॉक म्हणतच नाहीत. क्रुंग थेप म्हणतात, म्हणजे देवांचं नगर. पूर्ण नाव घ्यायला बसलं तर अर्धी आरती होईल. इथल्या राजांना राम म्हणतात, पहिला राम, दुसरा राम असे, आणि रस्त्यांनाही त्यांचीच नावं. आमच्या जवळच्या रस्त्याचं नाव राम चार. तुला पत्ता पाठ करायला सोपं जाईल.

मोठ्या रस्त्याला फुटलेल्या गल्लीला सोई म्हणतात. बहुतेक सोयांना नंबर असतो, एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम. चुकलीस तर रस्ता ओलांडायचा, बस. उन्हाची काळजी करू नको. नागपूरचं ऊन भाजतं, इथलं शिजवतं. घाम वाळतच नाही, म्हणून सुती पातळंच आण. डोक्याला कुणी हात लावत नाही, लहान पोराच्याही नाही, ते अपमानाचं समजतात. आणि पाय देवाकडे किंवा माणसाकडे करून बसायचं नाही, हे तर तू मला लहानपणापासून सांगत आली आहेस.

बाकी पुढच्या पत्रात. आईचे प्रश्न कळवा.

तुमची अपेक्षा

*

नागपूर, २१ जून

चि. अपेक्षा, आशीर्वाद.

तुझं पत्र काजलनं कागदावर छापून आणलं. इंदूच्या सुनेला ही कामं चांगली जमतात. मी लिहितो, ती फोटो काढून तुला पाठवते. आम्ही सध्या तुझ्या इंदूमावशीकडेच आहोत. पासपोर्टचं काम नागपूरला राहिल्याशिवाय होत नाही. बगीचा चंद्रभानवर सोडला आहे. तुझा काका पंप चालू करून झोपतो, हे तुला माहीत आहेच, पण दुसरा इलाज नाही.

आईची दाढ दुखत होती. इथल्या डॉक्टरनं काढली. तोंड सुजलं आहे, म्हणून ती फोनवर बोलत नाही आणि तोंडही दाखवत नाही. तू रागावू नको.

पत्र तिला वाचून दाखवलं. मग संध्याकाळी पुन्हा वाचायला लावलं. तिचे प्रश्न असे. स्वयंपाकघरात गॅसला जाळ दिसतो का, की ती विजेची काच असते? डिंकाचे लाडू विमानात नेऊ देतात का? बाळाला शेक द्यायला शेगडी मिळेल का? बाळंतशेपा आणि अळीव तिथं मिळतात, की इथून बांधून आणायचे? आणि खिडकीतून काय दिसतं? हे शेवटचं तिनं दोनदा विचारलं.

मोहितला आशीर्वाद. जिने चढू नको.

तुझे बाबा

*

बँकॉक, २९ जून

प्रिय बाबा आणि आई,

उत्तरं घ्या. गॅस नाही, काच आहे, पण पितळी सोडून सगळी भांडी चालतात. लाडू आणा, मोहित तर लाडवांसाठीच सासुरवाडीवर जीव टाकतो. पाहुरात म्हणून एक बाजार आहे, कपड्यांचा. तिथं शीख आणि सिंधी दुकानदार हिंदी बोलतात, शेपा-अळीव सगळं ठेवतात. सीताबर्डीत फिरल्यासारखं वाटेल, इतकी गर्दी आणि इतकीच घासाघीस. शेगडी मिळणार नाही. इमारतीत धूर झाला की भोंगा वाजतो.

खिडकीतून कालवा दिसतो. आई, इथं कालव्यातून बस चालते! खरंच. लांब होडी असते, काठावर थांबे असतात, तिकीट काढणारी बाई डोक्याला टोपी घालून होडीच्या कडेवरून चालत येते. पाणी काळं आणि वासाचं. समोरून दुसरी होडी आली की लाट उसळते, तेव्हा बाजूला बसलेल्यानं दोरी ओढून ताडपत्री वर करायची. ज्यानं उशीर केला त्याच्यामुळे सगळे भिजतात आणि कुणी काही बोलत नाही, नुसतं हसतात. रागवायचं नाही, असं हे शहर आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं, आणि स्टेशनातली सगळी माणसं जागच्या जागी उभी राहतात. गीत संपलं की पुन्हा धावाधाव.

बाबा, संत्री इथं लहान आणि पातळ सालीची. रस्त्यावर रस काढून बाटलीत विकतात, कधी कधी त्यात मीठ घालून. पिऊन बघा आणि मग शिव्या द्या.

आता एक विचारते. एका दाढेला इतके दिवस लागतात? काल मी व्हिडिओ लावला, मावशीनं फोन भिंतीकडे धरला. आईला यायचं नाही, असं मला वाटायला लागलं आहे. भीती वाटत असेल, बगीच्यात जीव अडकला असेल, जे काही असेल ते सरळ सांगा. दाढेचा बहाणा नको. इथं पैसे दिले की बाळंतिणीचं करायला बाया मिळतात. पण मग मला वाईट वाटलं तर वाटलं म्हणू द्या.

अपेक्षा

*

नागपूर, १५ जुलै

चि. अपेक्षा,

उत्तराला उशीर झाला. पाऊस होता, आणि मला मधे गावाला जाऊन यावं लागलं. मोसंबी कळमन्याच्या बाजारात पाठवायची होती.

तुझ्या आईला यायचं नाही, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? तुझं पत्र वाचलं तेव्हा तिनं माझा हात धरून ठेवला. "पोरीले सांगजा, मी येतो म्हणून." एवढंच म्हणाली आणि तेही कष्टानं. दाढेची जखम अजून भरलेली नाही.

माझा पासपोर्ट आला आहे.

तिला होडीचं पुन्हा सांग. साडी नेसलेल्या बाईनं होडीत उतरायचं कसं? हात धरायला कोणी असतं का? कोणत्या बाजूला बसलं तर कमी भिजतो? आणि त्या टोपीवाल्या बाईला मुलंबाळं असतील का, ती तोल जाऊन पडत कशी नाही? हे मी विचारत नाही, ती विचारते.

तुझी तब्येत कळव. पायांवर सूज आहे, असं काजलला म्हणालीस म्हणे. मीठ कमी खा.

तुझे बाबा

*

नागपूर, ३० जुलै

प्रिय अपेक्षा,

हे पत्र मी भाऊजींना न विचारता लिहिते आहे. बसून वाच. मोहितला जवळ बोलाव.

तुझ्या आईला तोंडाचा कॅन्सर आहे. लहानपणापासून तंबाखूची मिश्री घासायची, आम्ही दोघी घासायचो, माझी लग्नानंतर सुटली आणि तिची सुटली नाही. मे महिन्यात गालाच्या आत जखम दिसली. ऑपरेशन झालं, मग मशीनचा शेक दिला. दाढ नव्हती, पासपोर्टचं कामही नव्हतं. पासपोर्ट फक्त भाऊजींनी काढला. आता डॉक्टरनं घरी न्या म्हटलं आहे. घरी न्या म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

तुला सांगायचं नाही, हे तिनंच ठरवलं. पोटुशी बाईच्या कानावर वाईट घालू नये, पोटातलं लेकरू ऐकते, असं आपल्यात मानतात. तुझ्या आजीनंही असंच केलं होतं. मी पोटुशी असताना आमचे वडील गेले ते मला महिन्यानं कळवलं, आणि मी कितीतरी वर्षं तिच्याशी धड बोलले नाही. ते पंचफुलाला ठाऊक होतं, तरी तिनं भाऊजींना शपथ घातली. "बाळाची पाचवी पुजली का मग सांगजा. तोवर एक शब्द नोको." मी ऐकत राहिले. तेच माझं चुकलं.

एक सांगते, म्हणजे तुझ्या मनात दुसरं काही राहणार नाही. वॉर्डात दहा-बारा बाया होत्या. तुझं पत्र आलं की भाऊजी तिला वाचून दाखवायचे, कानानं अधू, त्यामुळे अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग तुझी आई बोबड्या बोलीनं बायांना समजावून सांगायची. "तिथं पान्यातून बस चालते वं. ताडपत्रीची दोरी आपल्याले ओढा लागते." काटोलकडची एक बाई म्हणाली, "तू जाऊन आली काय वं पंचफुला?" तर म्हणते कशी, "नाई, जाऊन राहिली." मागच्या आठवड्यापासून तिला बोलता येत नाही. तरी पत्र आलं का, हे ती बोटानं विचारते.

येता येत असेल तर ये. आम्हाला काय बोलायचं ते नंतर बोल.

तुझी इंदूमावशी

*

बँकॉक, ३१ जुलै

बाबा,

मी दाढेवरून चेष्टा केली. बहाणा नको, असं लिहिलं. ते तुम्ही तिला वाचून दाखवलंत! तेवढं तरी गाळायचं होतं.

तुम्ही मला होडीत कुठल्या बाजूला बसायचं, ते विचारत राहिलात. मी इथं पलंगावर पडून तिच्यासाठी पातळ गाद्या बघत होते, आणि तुम्ही तिथं तिला मशीनखाली नेत होता. पोटातलं लेकरू ऐकतं म्हणे. मग माझ्या पोटातल्यानं तिचा आवाजही ऐकला असता की, जोवर होता तोवर. तो तुम्ही मला ऐकू दिला नाही. हे मी विसरणार नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून विसरले असं म्हणणारही नाही.

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाते. परवानगी मिळाली की पहिल्या विमानानं निघते.

अपेक्षा

*

नागपूर, २ ऑगस्ट

चि. अपेक्षा,

इंदूनं लिहिलं ते सगळं खरं आहे. मी खोटं बोललो. तुझ्या आईचं ऐकून बोललो, पण हात माझा होता. तुझा राग माझ्यावर राहू दे, तिच्यावर ठेवू नको.

ये. डॉक्टर हो म्हणत असतील तर ये.

तुला कळलं आहे, हे मी काल तिला सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही, औषध इंदूच्या हातून घेतलं. मग दुपारी माझ्या सदऱ्याची बाही ओढली आणि डोळ्यांवरून बोट खाली नेलं. पोरगी रडली का, असं विचारत होती. मी म्हटलं, रडली असेल, पण जास्त चिडली आहे. तेव्हा तिला हसू आलं. हसताना तिला फार दुखतं.

तुझे बाबा

*

बँकॉक, ६ ऑगस्ट

बाबा,

मला येता येणार नाही. रक्तदाब फार वाढला आहे, पायांची सूज त्याचीच होती. विमान सोडाच, पलंगावरून उतरायचं नाही, असं सांगितलं आहे. मी डॉक्टरीणबाईंशी भांडले, रडले, मोहितशीही भांडले. काही उपयोग झाला नाही.

म्हणून पुढचं आईला वाचून दाखवा. सावकाश वाचा. काही गाळू नका, आणि मधेच डोळे पुसायला कागद खाली ठेवू नका.

आई,

मला तुझ्याकडे येता येत नाही, तर तूच चल. बाबांचा हात धर.

विमान पहाटे उतरतं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आत मोठमोठे रंगीत राक्षस उभे आहेत, घाबरू नको, ते राखणदार आहेत. पुढं गेलीस की समुद्रमंथन दिसेल, वासुकी, एकीकडे देव आणि दुसरीकडे दानव, मधे विष्णू. कीर्तनात ऐकलेलं सगळं इथं उभं आहे. तिथं थांब आणि हात जोड, कुणी हसत नाही.

बाहेर मोहित उभा आहे. त्यानं पिशवी घेतली. लाडवांचा डबा तू सोडत नाहीस, बरं, राहू दे. टॅक्सी गुलाबी आहे, लग्नातल्या मांडवासारखी. रस्ता हवेतून जातो, खाली घरांची छपरं आणि मधेच देवळाचं सोनेरी टोक. उजाडतं आहे. अनवाणी भिक्षू रांगेनं निघाले आहेत, आणि बाया दारात भात घेऊन उभ्या आहेत. चपला काढून भात वाढतात. तूही असाच दारात जोगी आला की पीठ घालायचीस.

आता मी मोहितला सांगते, की टॅक्सी कालव्याजवळ सोड. तुला होडीतून यायचं आहे. धक्क्यावर टायर बांधलेले आहेत. साडी जरा वर खोच. डावा पाय आधी टाक. हो, हात धरायला माणूस असतो, धक्क्यावरचा दोरीवाला, तो आजीबायांना पहिला हात देतो. तू मधल्या बाकावर बस, तिथं पाणी येत नाही. कडेला बाबांना बसव, ते भिजले तरी चालेल. टोपीवाली बाई आली बघ. तिला दोन मुलं आहेत, मी मागच्या महिन्यात विचारलं. ती पडत नाही, कारण ती पायांकडे बघतच नाही.

समोरून होडी येते आहे. बाबांना दोरी ओढता आली नाही. भिजले. हस आता, इथं दुखणार नाही.

आमचा थांबा आला. चार पायऱ्या, मग चिंचेचं झाड. त्याच्याखाली खांबावर बाहुलीच्या घराएवढं देऊळ असतं, जागेच्या राखणदाराचं. इथल्या प्रत्येक इमारतीसमोर असतं, त्याला फुलं आणि लाल सरबत ठेवतात. त्याला सांग, मी पोरीकडे आले आहे. मग लिफ्ट. दार उघडंच आहे, कारण मला उठायची परवानगी नाही. खोली उजव्या हाताला.

आत ये. माझ्या पोटावर हात ठेव. लाथ मारली ना? ती तुलाच मारली. आता बस माझ्याजवळ. आई, तू पोहोचलीस.

तुझी अपेक्षा

*

नागपूर, २५ ऑगस्ट

चि. अपेक्षा,

फोनवर इंदूनं आणि काजलनं सगळं सांगितलं, पण मला ऐकू येत नाही म्हणून मी त्यात नव्हतो. माझं मी लिहितो.

तुझं पत्र तू म्हणालीस तसंच वाचलं. कागद खाली ठेवला नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. होडीत मी भिजलो तिथं तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. पोटावर हात ठेव, असं वाचलं तेव्हा तिनं खरंच हात उचलला आणि हवेत धरून ठेवला. मी खाली माझा हात दिला. त्यानंतर रोज ती तेच पत्र मागायची. वॉर्डातल्या त्या काटोलच्या बाईला इंदूनं बोलावून घेतलं होतं, तिनंही ऐकलं. अठरा तारखेला सकाळी मी समुद्रमंथनापर्यंत वाचलं होतं. वर बघितलं, तर ती गेली होती. उरलेलं मी तसंच पुढं वाचून पुरं केलं. अर्ध्या वाटेत कसं सोडायचं?

अस्थी रामटेकला नेल्या. तेरवी तीस तारखेला गावात आहे.

आता तुला एक विचारायचं आहे. जूनपासून ती मला शिकवत होती. आपण जाणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून तर एकाच पासपोर्टचा फॉर्म भरायला लावला. बाळंतिणीची पेज, अळिवाची खीर, कंबरेचा शेक, सगळं तिनं माझ्याकडून इंदूच्या स्वयंपाकघरात करवून घेतलं. बोलणं बंद झाल्यावर मालिश शिकवली. स्वतःचा दंड पुढं करायची आणि मी तेल लावायचो. शेवटी तो बाळाच्या दंडाएवढाच उरला होता. माझा आयुष्यभर कुदळ धरलेला हात, जोर जास्त व्हायचा. जोर झाला की ती चापट मारायची. ऑगस्टात चापट मारणं थांबलं. मला वाटलं, तिच्यात ताकद राहिली नाही. तर तिनं मान हलवून सांगितलं, बरोबर होऊन राहिलं.

हे बायांचं काम आहे. चंद्रभान ऐकून हसला. इंदू यायला तयार आहे, ती आली तर तुला बरं पडेल, बोलायला होईल. मला ऐकू येत नाही, बाळ रडलं तरी ऐकू येणार नाही. आणि तू माझ्यावर चिडलेली आहेस. मी येऊ की ती, तू म्हणशील तसं करू.

तुझे बाबा

*

बँकॉक, ४ सप्टेंबर

प्रिय बाबा,

मुलगी झाली. परवा, वेळेच्या आधीच, ऑपरेशन करून. लहानखुरी आहे, एक रात्र काचेच्या पेटीत ठेवली, आता माझ्याजवळ आहे. दोघी ठीक आहोत.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण ते भांडण मोठं आहे, पत्रात मावणार नाही, त्याला तुम्ही समोर हवेत. मी मोठ्यानं बोलेन. ऐकू आलं नाही तर पाटीवर लिहून देईन. ती रडली की मी तुमची बाही ओढेन.

मावशीला नागपुरातच राहू द्या. मोहितनं तुमचं तिकीट आठ तारखेचं केलं आहे.

आज सकाळी इथल्या नर्सनं विचारलं, वजन वाढलं की बाळाला तेल लावून द्यायला बाई पाठवू का? मी नको म्हटलं. तिला सांगितलं, हिची आजी माणूस शिकवून ठेवून गेली आहे, तो निघाला आहे.

अपेक्षा